भाच्याकडे लाय डिटेक्टर चाचणीसाठी संमती मागितली आहे. द्यावी का?

मांडवीकर (प्रश्न)

नमस्कार. एका कौटुंबिक पेचासंबंधी जाणकारांचे मत हवे आहे. माझा भाचा येथे वडोदऱ्यात, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. अलीकडे झालेल्या मोजणीत तेथील गोदामातून महागडा कच्चा माल नाहीसा झाल्याचे उघडकीस आले. गोदामाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती असतात अशा तिघांचे जबाब पोलिसांनी नोंदवले असून त्यांत भाचाही आहे. अद्याप कोणाला अटक झालेली नाही. परवा मात्र तपास अधिकाऱ्यांनी तिघांनाही बोलावून लाय डिटेक्टर चाचणीची तयारी आहे का, असे विचारले आणि छापील संमतीपत्र पुढे ठेवले. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी तर सर्वांसमक्ष सुनावले की ज्याने काही केले नाही त्याला सही करायला अडचण नसावी. भाच्याने घरी विचारून सांगतो म्हणून वेळ मागून घेतला आहे.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. आमच्या भाऊजींचे म्हणणे असे की कर नाही त्याला डर कशाला. नकार दिला तर उद्या सगळा संशय याच्यावरच येईल. बहिणीला मात्र मुलाची प्रकृती ठाऊक आहे. शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी त्याच्या तळहातांना इतका घाम सुटायचा की उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागे, आणि वर्षभरापासून त्याला रक्तदाबाची गोळीही सुरू आहे. अशा मुलाने यंत्रासमोर खरे सांगितले तरी यंत्र ते खरे मानील का, ही तिची चिंता आहे. ही चाचणी कितपत विश्वसनीय असते, न्यायालयात तिचे वजन किती, आणि नकार दिल्यास तो त्याच्याविरुद्ध वापरला जाईल का, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

दिवाळीपुरा वकील

मांडवीकर साहेब, मी येथील जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवतो. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरातील वादाचे मूळ त्यातच आहे. नकार देणे हा आपल्या भाच्याचा घटनादत्त अधिकार आहे आणि त्याने तो वापरला म्हणून तो दोषी आहे असा अर्थ कोणत्याही न्यायालयाला काढता येणार नाही.

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नार्को (औषधाच्या अमलाखाली प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर) आणि मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी या तिन्हींचा एकत्रित विचार केला. यांपैकी कोणतीही चाचणी व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती ठरते, म्हणून ते संविधानाच्या अनुच्छेद २० मधील तिसऱ्या खंडाचा आणि अनुच्छेद २१ चा भंग करणारे आहे, असा निर्णय त्या पीठाने दिला. सरकारी पक्षाचा युक्तिवाद असा होता की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना जसा घेता येतो तशीच ही चाचणी आहे, आणि १९६१ च्या काठी कालू ओघड प्रकरणात ठशांना तशी मुभा मिळालेलीच आहे. न्यायालयाने ते मानले नाही. ठसा मनातले काही सांगत नाही. पॉलिग्राफचा सारा रोख मात्र माणसाला काय माहीत आहे हे काढून घेण्यावर असतो, तोंडाने असो वा शरीराच्या प्रतिक्रियेने असो, असे त्या निकालाचे सूत्र आहे. शिवाय हे संरक्षण फक्त आरोपीला नाही. तपासात ज्याच्यावर संशय आहे त्याला, तसेच साक्षीदारालाही स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नांवर गप्प राहता येते. त्यामुळे भाच्याला अटक झालेली नाही, म्हणून त्याला हा अधिकार नाही, असे कोणी म्हणाल्यास ते चुकीचे आहे.

आता संमतीविषयी. पोलीस ठाण्यातील छापील कागदावरची सही ही कायद्याला अभिप्रेत असलेली संमती नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली या चाचणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली असून ती काटेकोरपणे पाळावीत असे सेल्वी निकालात स्पष्ट सांगितले आहे. त्यांनुसार संबंधित व्यक्तीला वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम तिला समजावून दिले पाहिजेत, संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली पाहिजे, आणि तेथे दिलेले निवेदन हा कबुलीजबाब मानला जाणार नाही, त्याचा दर्जा पोलिसांपुढील जबाबाइतकाच राहील, हेही तिला सांगितले गेले पाहिजे. प्रत्यक्ष चाचणी स्वतंत्र यंत्रणेने वकिलाच्या उपस्थितीत घ्यावयाची असते. आपण सांगितलेल्या प्रसंगात यांतले एकही पाऊल उचललेले दिसत नाही.

वजनाबद्दल सांगायचे तर, स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा अहवालसुद्धा पुरावा म्हणून ग्राह्य नाही. मात्र अशा चाचणीत मिळालेल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू हाती लागली, समजा पोर नावाच्या गावाजवळच्या एखाद्या शेडमध्ये चोरीचे पिंप सापडले, तर तो शोध पुराव्यात येऊ शकतो. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम २३ च्या परंतुकात आली आहे. जून २०२५ मध्ये अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणीसंबंधी हीच भूमिका पुन्हा मांडली आणि स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा अहवालही एकटा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, असे सांगितले. त्या खटल्यात तपास यंत्रणेने सर्वच संशयितांच्या चाचण्या करू असे सांगितले होते आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केले होते; सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

कमाटीबाग

मी मानसशास्त्र शिकवते. वकील साहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी केवळ यंत्राविषयी लिहिते. आपल्या बहिणीची शंका अगदी योग्य जागी आहे, असे मला मनापासून वाटते.

या यंत्राला खोटे कळत नाही. छाती आणि पोटाभोवती बांधलेल्या दोन नळ्यांवरून श्वास, दंडाच्या पट्ट्यावरून रक्तदाब व नाडी, आणि बोटांना लावलेल्या दोन पट्ट्यांवरून त्वचेवरील घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता, एवढेच ते नोंदवते. दंडावरचा पट्टा प्रश्नांची एक फेरी संपेपर्यंत फुगवलेला राहतो. हात जड होतो, बोटांना मुंग्या येतात, आणि हलायचे नाही अशी ताकीद असते. दोन प्रश्नांमध्ये वीसपंचवीस सेकंद शांतता ठेवतात, कारण मागच्या प्रश्नाने उठलेली प्रतिक्रिया खाली येऊ द्यायची असते. मग तेच प्रश्न पुन्हा, बहुधा तीन वेळा. तुमच्या भाच्याला त्या खुर्चीत बसवले तर "गोदामातला माल तुम्ही नेला का?" हा प्रश्न येणार हे त्याला आधीच ठाऊक असेल, कारण चाचणीपूर्वीच्या मुलाखतीत सगळे प्रश्न वाचून दाखवतात. ज्या प्रश्नावर नोकरी आणि अब्रू अवलंबून आहे तो प्रश्न जवळ येताना निरपराध माणसाचेही काळीज धडधडते. भाऊजींना एवढेच सांगावे की हे यंत्र डर मोजते. कर आहे की नाही, हे त्याला दिसत नाही.

यावर उपाय म्हणून तुलनेचे प्रश्न घालतात. "आयुष्यात कधी विश्वास ठेवणाऱ्याला फसवले आहे का?" यासारखा व्यापक प्रश्न विचारायचा, आणि निरपराध माणूस त्यावर जास्त अस्वस्थ होईल, दोषी माणूस मात्र मूळ प्रश्नावर, असे गृहीत धरायचे. या गृहीतकावर जवळपास सगळी इमारत उभी आहे. पण आळ आलेला प्रामाणिक माणूस कुठल्यातरी जुन्या किरकोळ लबाडीपेक्षा आपल्यावरच्या आळाने जास्त हादरेल, हे समजायला शास्त्र लागत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावणे, पायाचा अंगठा दाबून धरणे, मनातल्या मनात उलटे पाढे म्हणणे, अशा युक्त्यांनी नोंद बिघडवता येते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या हृदयाची प्रतिक्रिया दाबतात, त्यामुळे भाच्याच्या बाबतीत आलेखाचा अर्थ लावणे आणखी अवघड होईल.

अमेरिकेत हे यंत्र वाढले, म्हणून तेथली उदाहरणे देते. अल्ड्रिच एम्स हा गुप्तचर खात्यात राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत होता. त्या काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळी तो ही चाचणी उत्तीर्ण झाला. गॅरी रिजवे या खुन्याने १९८४ मध्ये ती पार केली आणि २००१ मध्ये डीएनएच्या आधारे पकडला जाईपर्यंत तो मोकळा राहिला. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली सर्व उपलब्ध अभ्यास तपासून अहवाल दिला. विशिष्ट घटनेविषयी विचारले असता, आणि समोरच्याला यंत्र चुकवण्याच्या युक्त्या येत नसतील तर, ही चाचणी नाणेफेकीपेक्षा बरीच चांगली ठरते, पण अचूकतेपासून बरीच दूर राहते, असे तो अहवाल सांगतो. त्यातले एक गणित मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवते. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत आणि त्यांतले ८ सापडावेत इतकी चाचणी कडक लावली, तर त्या आठांसोबत सुमारे १,६०० निरपराध लोकही खोटे ठरतात. तुमच्याकडे तिघेच आहेत हे मान्य, आणि तिथे प्रमाण वेगळे पडेल. परंतु चोरी चौथ्याच कोणी केली असेल तर तिघांपैकी ज्याचा आलेख सर्वांत उंच जाईल तो केवळ घाबरट असल्यामुळे पुढे येईल.

निवृत्त तपासनीस

मी गुजरात पोलिसांत आयुष्य घालवले आहे आणि वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडू इच्छितो. तपास अधिकाऱ्याला ही चाचणी न्यायालयात दाखवण्यासाठी नको असते. ती निष्फळ आहे हे त्याला वकिलांइतकेच ठाऊक असते. त्याला दिशा हवी असते. कारखान्यातील चोरीत साक्षीदार नाही, कुलूप तुटलेले नाही, नोंदवह्यांत खाडाखोड आहे, अशा वेळी चार जणांपैकी कोणाकडे आधी पाहायचे हे ठरवायला काहीतरी आधार लागतो. चाचणीपूर्वीच्या मुलाखतीतच कित्येक जण मोकळे होतात आणि यंत्र सुरूही करावे लागत नाही. कोणाच्या अंगाला हात न लावता हे साधते, ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी जुन्या पद्धतीची चौकशी पाहिली आहे त्यांना तिचे मोल कळेल.

शिवाय कमाटीबाग ताईंनी एका पद्धतीचा उल्लेख केला नाही. गुन्ह्याचे असे तपशील निवडायचे की जे केवळ करणाऱ्यालाच माहीत असतील, आणि खऱ्या तपशिलासोबत चारपाच खोटे तपशील मिसळून विचारायचे. माल निळ्या पिंपात होता, की पांढऱ्या पोत्यात, की लाकडी पेटीत? ज्याला ठाऊकच नाही त्याची प्रतिक्रिया सगळ्यांवर सारखी येते. येथे भीतीचा प्रश्न उरत नाही. मुलगा निर्दोष असेल तर या पद्धतीने तो लवकर सुटेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कमाटीबाग

तपासनीस काका, ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या अधिक भक्कम आहे हे मला पूर्ण मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी ती १९५९ मध्ये मांडली आणि ते स्वतः तुलनेच्या प्रश्नांच्या पद्धतीचे कठोर टीकाकार होते. पण ती याच प्रकरणात लागू पडत नाही. भाचा स्टोअरकीपर आहे. माल कोणत्या पिंपात होता, कोणत्या मांडणीवर होता, बॅच क्रमांक काय होता, शेवटचा शिक्का कोणाचा होता, हे सगळे त्याला कामाचा भाग म्हणून माहीत असणारच, आणि जे माहीत नव्हते तेही जबाब घेताना विचारलेल्या प्रश्नांतून त्याला एव्हाना कळले असेल. खऱ्या तपशिलावर त्याची प्रतिक्रिया उठेल ती ओळखीची असेल, अपराधाची नव्हे, आणि आलेखावर या दोहोंतला फरक दिसत नाही.

दिशेबद्दल आपण म्हणता ते समजते. माझी काळजी नेमकी तिथेच आहे. अहवाल न्यायालयात जात नसला तरी तो तपास अधिकाऱ्याच्या मनात जातो. एकदा "हा नापास झाला" असे ठरले की उरलेल्या दोघांच्या नोंदी कोण बारकाईने तपासणार? न्यायालयात उलटतपासणीची सोय आहे. अधिकाऱ्याच्या मनात बसलेल्या संशयाची उलटतपासणी कोणी घेत नाही.

निवृत्त तपासनीस

स्टोअरकीपरचा मुद्दा बिनतोड आहे. ही पद्धत बाहेरच्या संशयितासाठीच योग्य आहे, आणि या मुलाच्या बाबतीत मी तिचा आग्रह धरणार नाही. दिशा मिळवण्याचे साधन म्हणून चाचणीचा उपयोग असतो, हे मत मात्र कायम आहे.

गायकवाडी दफ्तर

या चर्चेत आपल्याच शहरातील एका खटल्याची आठवण करून देतो, कारण तो प्रश्न हाच होता. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी ब्रिटिश सरकारचे येथील प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला आणि महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी १८७५ मध्ये येथेच, कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे झाली. पेल्यातील गाळाची रासायनिक तपासणी झाली होती आणि त्यात सोमल (आर्सेनिक) व हिऱ्याची पूड आढळल्याचा निष्कर्ष निघाला होता. तपासणीने पेल्यात काय आहे ते सांगितले. ते कोणाच्या सांगण्यावरून पडले हे मात्र ती सांगू शकत नव्हती, आणि त्यासाठी सारी भिस्त राहिली ती पोलिसांच्या ताब्यात असताना बोलते झालेल्या हुजऱ्या-हवालदारांवर व माफीच्या आशेवर साक्ष देणाऱ्या, महाराजांचे खासगी सचिव दामोदरपंत यांच्यावर. महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी याच साक्षींवर हल्ला चढवला. आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव या तिघांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. पुढे एप्रिल १८७५ मध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केलेच, पण ते गैरकारभाराचे कारण देऊन.

वस्तूची तपासणी आणि मनाची तपासणी यांतील हे अंतर लाय डिटेक्टरने मिटवल्याचा दावा केला जातो. १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने फ्राय खटल्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांची रक्तदाबावर आधारलेली चाचणी नाकारली, ती या कारणाने की त्या क्षेत्रातील तज्ज्ञांमध्ये तिला सर्वमान्यता मिळालेली नाही. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी ती सर्वमान्यता मिळालेली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मांडवीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे भाऊजींना वाचून दाखवली. स्टोअरकीपरला तपशील ठाऊक असणारच, हा मुद्दा ऐकून ते बराच वेळ विचार करत होते आणि शेवटी सही करू नये याला त्यांनी होकार दिला. आता एकच शंका राहिली. पोलिसांना नकार देता येईल, पण उद्या कारखान्याने खातेनिहाय चौकशी लावून "चाचणी नाकारली" हेच कारण दाखवून कामावरून काढले तर काय करावे?

दिवाळीपुरा वकील

अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची अशी चाचणी घेण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे या विषयासाठी असा स्वतंत्र कायदा नाही, आणि खातेनिहाय चौकशीला पुराव्याचे नियम न्यायालयाइतक्या कडकपणे लागू होत नाहीत, हेही खरे आहे. तरीही आरोपपत्र, उत्तराची संधी, साक्षीदारांची उलटतपासणी हे टप्पे टाळता येत नाहीत, आणि घटनेने दिलेला अधिकार वापरणे हे गैरवर्तन आहे असे कोणी लिहून दिलेच, तर ते कामगार न्यायालयात टिकवणे मालकाला फार कठीण जाईल. म्हणून जे काही सांगायचे ते व्यवस्थापकांना तोंडी सांगू नये.

तपास अधिकाऱ्यांना द्यावयाचे पत्र साधे असावे. तपासात सर्व प्रकारे सहकार्य करण्याची तयारी आहे, बोलावल्यावर हजर राहीन, कागदपत्रे दाखवीन, परंतु पॉलिग्राफ चाचणीस माझी संमती नाही, एवढाच मजकूर पुरे. कारणे देत बसू नये, रक्तदाबाचा उल्लेख तर मुळीच करू नये. त्याच पत्रात गोदामाचे सीसीटीव्ही चित्रण, किल्ल्यांची नोंदवही, फाटकावरील गाड्यांची नोंद आणि मालाच्या आवकजावकीची पुस्तके ताबडतोब जप्त करून सुरक्षित ठेवावीत, अशी विनंती करावी. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि नंतर ते न्यायालयात आणायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रही लागते, म्हणून या कामात उशीर नको. भाऊजींना वाटणाऱ्या संशयाच्या भीतीवरही हाच खरा उतारा आहे, कारण पुरावा गोळा करा असे स्वतःहून लिहून देणाऱ्या माणसाला लपवाछपवी करणारा म्हणणे कठीण असते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोहोच देण्यास टाळाटाळ झाली तर तेच पत्र त्याच दिवशी टपालाने पोलीस आयुक्तालयाकडे पाठवून पावती जपून ठेवावी. मसुदा तयार झाला की येथे टाकण्याऐवजी मला खासगी निरोपात पाठवा. प्रकरण चालू आहे, तेव्हा पुढचे तपशील जाहीर चर्चेत नकोत.